क्यूब कुणाचा?

मेडिकलला गेलेल्या मुलाला पहिली काही वर्षं तरी कुणी नाडी दाखवायला येत नाही. सिव्हिलवाल्याला ती सवलत नाही. माझं पहिल्या सत्राचं हॉल तिकीटही आलं नव्हतं, तेव्हाच आत्याच्या यजमानांनी मला ओल आलेल्या भिंतीपुढे नेऊन उभं केलं आणि विचारलं, "बोला इंजिनिअरसाहेब, हे कशानं?" मी भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, भुवया आवळल्या आणि "हं" म्हणालो. हे "हं" फार उपयोगी पडतं. पुढे आमच्या भावकीतल्या झाडून सगळ्या भिंती, गच्च्या आणि एक विहीर मी एवढ्या भांडवलावर तपासली.

दुसऱ्या वर्षी मटेरियल टेस्टिंगची लॅब सुरू झाली आणि माझी ही प्रॅक्टिस बसली. तिथे टिचकीला किंमत नव्हती. तिथे सिमेंटपासून खडीपर्यंत प्रत्येक वस्तूला भारतीय मानक होतं, मानकाला नंबर होता, नंबराचे भाग होते आणि त्या भागांत पाणी किती, वेळ किती, ठोके किती हे लिहून ठेवलेलं होतं. "हं" कुठेच नव्हतं. कॉलेजचं नाव सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रात आहे, एवढं पुरे. माझ्यामुळे त्याची जी शोभा व्हायची ती त्याच वेळी होऊन गेली.

सुरुवात विटेपासून झाली. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात घरून येताना प्रत्येकाने एकेक वीट आणा. वेगवेगळ्या भट्ट्यांच्या असू द्यात." आमच्या घरी विटेचा विषय निघणं म्हणजे अण्णांना आमंत्रणच. आमचं घर कृष्णाकाठच्या विटेचं. त्यातल्या उरलेल्या शे-दीडशे विटा परसात रचून ठेवलेल्या आणि त्यांतली एकही अण्णांनी कधी शेजाऱ्याला चुलीलासुद्धा दिली नव्हती. त्यांनी त्या ढिगातून स्वतः निवड केली. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखण ऐकली. एक छातीच्या उंचीवरून जमिनीवर सोडून दाखवली, फुटली नाही. मग तिला वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "सरांना सांग, अशी माती आता मिळत नाही."

एसटीत कंडक्टरने पिशवी पायाने सरकवून पाहिली. ती सरकली नाही.

"काय आहे आत?"

"वीट."

"कशाला?"

"तपासायला."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेजचं तिकीट न फाडताच पुढे गेला. शेजारच्या सीटवरचे आजोबा मात्र सोडायला तयार नव्हते. "पंढरपूरला निघालास होय? तिथं आहे की एक आधीच," असं म्हणून ते स्टँड येईपर्यंत हसत होते.

विटेची पाणी शोषण्याची चाचणी समजायला सोपी असते. वीट 105 ते 115 अंशांच्या भट्टीत पूर्ण सुकवायची, थंड करून वजन करायचं, मग 24 तास पाण्यात बुडवायची, पुसून पुन्हा वजन करायचं. पहिल्यापेक्षा किती वाढलं, त्याची टक्केवारी. साध्या विटेला 20 टक्क्यांची मर्यादा. आमची वीट सुकी भरली 2.6 किलो आणि ओली भरली 3.2 किलो. मी गणित केलं, मग कॅल्क्युलेटर शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडून करून घेतलं. दोघांचंही उत्तर 23 आलं. मी वीट पुन्हा पुसली, अगदी स्वतःच्या रुमालाने कोपऱ्या-कोपऱ्यांतून पुसली, पण पाणी विटेच्या पोटात होतं आणि रुमाल पोटापर्यंत जात नव्हता.

घरी जाऊन हे सांगण्याचा मूर्खपणा मीच केला.

"अण्णा, आपली वीट पाणी जास्त पिते."

"म्हणजे किती?"

"तेवीस टक्के. वीसच्या आत पाहिजे."

अण्णांनी पानाला चुना लावला, पान दुमडलं, तोंडात सारलं आणि मग विचारलं, "घर काय पाण्यात बुडवून ठेवायचंय?"

मानकात याचं उत्तर नव्हतं. आणि पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता : "वीट परत आणलीस का?"

आमच्या लॅबचे खरे मालक सर नव्हते, मामा होते. मामा म्हणजे लॅब अटेंडंट. खाकी पँट, खिशात किल्ल्यांचा जुडगा, कानावर पेन्सिल. सर मानकं शिकवायचे आणि मामा मशिन चालवायचे; मशिनचं मामांशिवाय कुणाशी पटत नव्हतं. कपाटात एका पोत्याला कुलूप लावून त्यांनी एन्नोरची वाळू ठेवलेली असायची. सिमेंटची ताकद तपासताना एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू घालतात. ती गावातल्या नदीची चालत नाही, तामिळनाडूतल्या एन्नोरची प्रमाणित वाळूच लागते, नाहीतर इथलं सिमेंट आणि तिथलं सिमेंट यांची तुलना कशी करणार? मामा ती वाळू तराजूत घालताना हात असा आखडता घेत की सराफाने बघून शिकावं. "रेल्वेनं आलीय," एवढंच म्हणायचे. सांडलेले कण ते ब्रशने गोळा करीत.

दुसरी सत्ता होती सीनियरच्या जर्नलची. ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, चहाचे डाग पडलेली आणि प्रत्येक चाचणीचं उत्तर आधीच लिहून ठेवलेली. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये उत्तर आधी असायचं आणि प्रयोग नंतर. उत्तरापासून मागे मागे येत रीडिंगं पाडायची, याला आम्ही बॅक-कॅल्क्युलेशन म्हणत असू आणि त्यात मी वाकबगार होतो. संशय येऊ नये म्हणून तीनपैकी एक रीडिंग थोडं बिघडवून लिहायचं, ही सुधारणा माझी. लंडनमध्ये साउथवर्क स्ट्रीटवर डेव्हिड किर्काल्डी नावाच्या माणसाची साहित्य तपासण्याची प्रयोगशाळा होती. तिच्या दारावर त्याने कोरून ठेवलंय : वस्तुस्थिती सांगतो, मतं नाही. 1874 साली ती तिथे सुरू झाली. आमच्या लॅबच्या दारावर काही कोरायचं झालं असतं तर "मागच्या वर्षीचं आहे का?" एवढंच कोरता आलं असतं.

तापमानाचंच बघा. सिमेंटच्या चाचण्या 27 अंशांना करायच्या, दोन अंश इकडे-तिकडे. आमच्या लॅबला पत्र्याचं छत. एप्रिलात तिथे उभं राहिलं की आपणच क्युअरिंगला पडलोय असं वाटायचं. पण कॉलेज स्थापन झाल्यापासूनच्या सगळ्या जर्नलांत खोलीचं तापमान 27 अंश आहे. एका मुलाने 27.5 लिहिलं तेव्हा मामांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं.

सिमेंट घट्ट होण्याची वेळ काढायला विकॅटचं उपकरण वापरतात. लुई विका हा फ्रेंच अभियंता. आयफेल टॉवरवर ज्या 72 जणांची नावं कोरली आहेत, त्यांत याचंही आहे. 40 मिलिमीटर खोलीच्या साच्यात सिमेंटचा लगदा भरायचा, त्यात एक चौरस मिलिमीटरची सुई थोड्या-थोड्या वेळाने सोडायची. तळापासून 5 मिलिमीटरच्या आसपास ती अडली की सिमेंट प्रथम घट्ट झालं. साध्या पोर्टलँड सिमेंटला हे 30 मिनिटांच्या आत होता कामा नये. इथवर ठीक. अंतिम घट्ट होणं मात्र 600 मिनिटांच्या आत झालं तरी चालतं. आता प्रॅक्टिकल दोन तासांचं. कॉलेज साडेपाचला बंद. म्हणजे सिमेंट अंतिम घट्ट होताना आमच्या विद्यापीठातल्या एकाही विद्यार्थ्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सगळ्यांनी त्याची वेळ मिनिटापर्यंत अचूक लिहिली आहे.

मला कुठून ईर्षा आली कोण जाणे. विटेने दुखावलो होतो, बहुधा. मी ठरवलं, आपण बसायचं आणि बघायचं. साच्याच्या शेजारी स्टूल घेतलं. बॅचमधले बाकीचे "आमच्याही जर्नलसाठी लिहून घे" असं सांगून सिनेमाला गेले. संध्याकाळी मामांनी दिवे मालवले आणि बाहेरून कुलूप घातलं. मी खडीची झीज तपासायच्या लॉस एंजेलिस मशिनच्या पाठीमागे बसलेलो त्यांना दिसलो नाही, आणि मीही ओरडलो नाही, कारण ओरडलो असतो तर त्यांनी आधी मला आणि मग माझा साचा बाहेर काढला असता. सुई सोडत राहिलो. अंधार पडल्यावर काडेपेटीच्या उजेडात सोडत राहिलो. मग काड्या संपल्या. पुढे कधीतरी स्टुलावर मी आणि साच्यात सिमेंट असे दोघेही घट्ट झालो. वॉचमनने खिडकीतून बॅटरी मारली तेव्हा मी दचकून उठलो आणि तो माझ्याहून जास्त दचकून पळाला. त्या लॅबमध्ये एक मुलगा रात्री सुई घेऊन बसतो, असं पुढे हॉस्टेलवर बरीच वर्षं सांगितलं जात होतं.

जर्नलमध्ये काय लिहावं हा प्रश्न होता. "रात्री केव्हातरी" हे प्रामाणिक उत्तर होतं. मी सीनियरच्या जर्नलमधली वेळ उतरवली.

खडीच्या चाचण्यांत फारसं काही घडलं नाही. खडीच भली होती. सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिलेला. त्यावर इम्पॅक्ट टेस्टचा 14 किलोचा हातोडा 380 मिलिमीटर उंचीवरून 15 वेळा सोडला तरी तो फारसा मनावर घेत नाही. चपटे आणि लांबट तुकडे निवडायचं काम तेवढं वाईट. पाट्यावर एकेक खडा धरून मापाच्या फटीतून जातो का पाहायचं. हे करताना बॅचमधल्या मुलीने "आमच्याकडे तांदूळ निवडायला ये" म्हटलं आणि आख्खी बॅच माझ्याकडे बघून हसली.

पोलादाच्या सळईने मात्र सूड घेतला. युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनमध्ये सळई दोन्हीकडून पकडून ओढतात. ती किती ताणली हे मोजायला सळईला एक्स्टेन्सोमीटर लावतात. नाजूक, महागडं, डायलवालं. साध्या पोलादाची सळई ताणता ताणता एका जागी काटा थांबतो, किंचित मागेही येतो. सळई हार मानते, तीच ही जागा. ती आली की एक्स्टेन्सोमीटर ताबडतोब काढून घ्यायचा. सरांनी हे बजावलं होतं, मामांनी बजावलं होतं, मशिनवर पाटी होती. काढायचं काम माझ्याकडे होतं. मी त्या थबकलेल्या काट्याकडे इतक्या कौतुकाने बघत राहिलो की तो पुन्हा चालू लागला, मग सळईची मान बारीक व्हायला लागली, मग मामांनी "साहेब!" अशी हाक मारली आणि मग दणका झाला. सळई तुटली तशी मी मागे उडी मारली आणि एक्स्टेन्सोमीटर पुढे. त्याची काच सापडली, काटा सापडला नाही. सरांनी सळईचा तुटलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मान जिथे बारीक होऊन तुटली होती तिथे ती चांगलीच गरम होती. एका टोकाला वाटी, दुसऱ्याला तिच्यात बसणारा सुळका. "शिक्षण महाग असतं," सर म्हणाले. त्यांना रुपयांत म्हणायचं होतं. ब्रेकेज मला भरावं लागलं.

आता क्यूब.

काँक्रीटची ताकद 150 मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्यावर मोजतात. साच्यात काँक्रीट तीन थरांत भरायचं, प्रत्येक थराला 16 मिलिमीटरच्या सळईने 35 ठोसे मारायचे, दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा, ठोकळा पाण्यात टाकायचा आणि 28 दिवसांनी मशिनखाली घालून तोडायचा. तीन क्यूबची सरासरी हा निकाल. आम्हाला एम-20 करायचं होतं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन. प्रमाण एकाला दीड, दीडाला तीन. पाणी सिमेंटच्या निम्मं.

बॅचचा लीडर मी होतो. एक्स्टेन्सोमीटरनंतर मला लीडर करण्यामागे सरांचा हेतू बहुधा मी कशालाही हात लावू नये असा असावा. मी पत्र्यावर उभा राहून सूचना देत होतो आणि शेंगा खात होतो. सगळेच खात होते. कँटीनबाहेर भाजक्या शेंगांची गाडी लागायची. फावड्याने माल ओढणाऱ्याने सांगितलं, "कोरडा आहे रे, हात भरून आले." मी उदार मनाने एक मग पाणी ओतायला लावलं. मग आणखी एक. मालाला चकाकी आली, फावडं सुरेख फिरायला लागलं. मामा दारातून बघत होते. म्हणाले, "साहेब, स्लॅब टाकताय का सडा?"

पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद घटते, हा नियम डफ एब्रम्सने 1918 मध्ये मांडला आणि मी त्याच्यावर आदल्याच आठवड्यात पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. लिहिणं वेगळं. प्रत्येक गवंड्याला हा नियम माहीत असतो आणि प्रत्येक गवंडी पाणी वाढवतो, कारण ताकद 28 दिवसांनी कळते आणि हात आज दुखतात. माल किती खचतो हे बघायच्या स्लम्प टेस्टला 300 मिलिमीटरचा शंकू उचलला तर खाली मालाचा ढीग उरलाच नाही, तो पसरत माझ्या चपलेपर्यंत आला. मी जर्नलमध्ये स्लम्प 75 लिहिला. 35 ठोशांची मोजणी करणारा मुलगा त्याच वेळी इंडियाची बॅटिंग सांगत होता. ठोसे किती झाले ते तेंडुलकर आउट झाल्यावर कुणालाच आठवेना. "असतील पस्तीस," मी निर्णय दिला.

दुसऱ्या दिवशी मामांच्या लाल ऑइलपेंटच्या डब्यात काथ्याचा कुंचला बुडवून मी तिन्ही क्यूबवर 1, 2, 3 असे आकडे काढले. बॅचचं नाव, तारीख वगैरे लिहायला जागा होती. पण आकडेच इतके वळणदार आले होते की त्यांना धक्का लावावासा वाटला नाही. क्यूब मागच्या हौदात गेले.

कॉलेजच्या लॅबमध्ये बाहेरच्या कामांचे नमुनेही येतात. फी भरायची, पावती घ्यायची, क्यूब ठेवून जायचं. त्या आठवड्यात एका सरकारी शाळेच्या नव्या खोल्यांच्या कामाचे तीन क्यूब आले. मामांनी त्यावर त्याच डब्यातल्या लाल रंगाने, त्याच काथ्याने 1, 2, 3 लिहिलं आणि त्याच हौदात सोडले.

आमचा दिवस उजाडला तेव्हा मामा रजेवर होते. हौदातलं पाणी हिरवं झालं होतं. मी बाही खांद्यापर्यंत सरकवून हात घातला आणि 1, 2, 3 वर काढले. एकेक आठ किलोचा. नंबर बरोबर होते. रंग बरोबर होता. वळणाची शंका आली नाही, कारण आकड्यांवर शेवाळ होतं.

दाब सावकाश वाढवायचा असतो. मानकाने सांगितलेल्या वेगाने मिनिटाला साधारण 31 टन. म्हणजे एम-20 चा क्यूब दीड मिनिटात 45 टनांच्या आसपास फुटायला हवा. काटा 40 ला आला तेव्हा मी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. 45 झाले. 50 झाले. मशिन घुमत होतं आणि क्यूब ढिम्म. 70. कुणीतरी म्हणालं, मशिन अडकलं. 90. मग आतून एक बारीक कुरकुर ऐकू आली, बाजूचे पापुद्रे उडाले आणि काटा 95 वर थबकून मागे आला. चारही बाजू झडून मधे अंग आटलेला, वर-खाली रुंद असा ठोकळा राहिला होता. पुस्तकात काढलेला असतो अगदी तसा. दुसरा 93, तिसरा 98. सरासरी दर चौरस मिलिमीटरला 41.5 न्यूटन.

त्या दिवशी आख्ख्या वर्षात पहिल्यांदा मी जर्नलमध्ये मशिनने दाखवलेले आकडे जसेच्या तसे लिहिले. बॅक-कॅल्क्युलेशन नाही, एक रीडिंग मुद्दाम बिघडवणं नाही. हात थरथरत होता. निष्कर्षाच्या जागी "योग्य पाणी, योग्य कुटाई व काळजीपूर्वक देखरेख यांमुळे अपेक्षेच्या दुप्पट ताकद मिळाली" असं वाक्य लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारली. बाकीच्या बॅचेसना बोलावून मी मिश्रण कसं करावं यावर थोडं बोललो. थोडं म्हणजे पाऊण तास.

सरांनी जर्नल बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "यात गूळ घातलास काय रे?" त्यांनी विचारलं. किल्ल्यांच्या चुन्यात गूळ घालत, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी नम्रपणे हसलो. त्यांनी सही केली नाही. पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं.

दोन दिवसांनी शाळेचे क्यूब तोडायचे होते. त्या कामाचे शाखा अभियंता आले, काँट्रॅक्टरचा सुपरवायझर राजदूत मोटारसायकलवरून आला. मामा परतले होते. आपण हल्ली काँक्रीटमधले जाणकार झालोय, या समजुतीने मीही जाऊन उभा राहिलो. पहिला क्यूब मशिनखाली गेला आणि 21 टनांना बसला. बसला म्हणजे फुटलाही नाही नीट. भुसभुशीत होऊन खाली आला. दर चौरस मिलिमीटरला 9 न्यूटन.

"मशिन बिघडलंय," सुपरवायझर म्हणाला.

"परवा 98 टनांपर्यंत उत्तम चाललं," मी म्हणालो. मशिनची बाजू घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा क्यूब 19 टनांना गेला. मामांनी ढिगारा सारण्यासाठी ब्रश घेतला आणि थांबले. दोन बोटांनी काहीतरी उचललं, फुंकर मारली, उजेडात धरलं. शेंगेचं टरफल होतं. अख्खं, दोन दाण्यांचं, सिमेंटने लिंपलेलं.

टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी टरफलं उचलली नाहीत. मी शेंगा खाल्ल्या होत्या आणि टरफल थेट काँक्रीटमध्ये घातलं होतं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी टरफल सरांच्या हातात दिलं आणि सरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच काय ते खरं रीडिंग लिहिलं, आणि ते नेमकं दुसऱ्याचं निघालं.

एवढ्यावर हे माझ्या एकट्याच्या बेअब्रूत संपलं असतं. पण सुपरवायझरला आता जोर चढला होता. "बघा! मी म्हणतच होतो, हा आमचा नव्हेच," तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "आमच्या क्यूबला मी स्वतः उभं राहून डबल सिमेंट घातलंय. तो वीस टनांना पडेलच कसा?"

मशिन बंद झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

शाखा अभियंत्यांनी विचारलं, "डबल म्हणजे?"

"म्हणजे... क्यूबापुरतं, साहेब."

"आणि शाळेला?" आमच्या सरांनी विचारलं.

सुपरवायझर दाराबाहेर उभ्या असलेल्या राजदूतकडे बघू लागला.

शाखा अभियंत्यांनी तिथेच कागद मागवला. नवे क्यूब त्यांच्यासमोर, चालू मालातून भरले गेले. स्लॅबवर रिबाउंड हॅमर फिरवला. एका खोलीचा काही भाग तोडून पुन्हा करावा लागला, हे मला मामांकडून कळलं. मुलं बसायच्या आधीच. याचं श्रेय मला कुणी दिलं नाही आणि मागायची माझी छाती नव्हती. मला मिळाले ते आणखी 28 दिवस; सगळं पहिल्यापासून. या खेपेला पाणी मोजून घातलं, माल खरंच कोरडा होता आणि हात खरंच भरून आले. शेंगांना बंदी होती. सरासरी 22 आली. सरांनी सही केली. कौतुक केलं नाही, कारण 22 यायलाच हवी असते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "काँक्रीटचा क्यूब केव्हा तोडतात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाचा आहे ते ठरल्यावर." ते चकित झाले. शेजारी बसलेले आमचे सर मात्र त्या वर्षात पहिल्यांदाच मोठ्याने हसले आणि त्यांनी परीक्षकांना सांगितलं, "बरोबर आहे, द्या मार्क."

आता तुम्हाला एकच सांगायचंय. तुम्ही घर बांधत असाल तर स्लॅबच्या दिवशी पेढे वाटून झाले की जेवणाच्या मंडपात बसून राहू नका. मिक्सरपाशी उभे राहा. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण 12 घनमीटर काँक्रीट. आयएस 456 प्रमाणे त्याचे निदान दोन नमुने घ्यायला हवेत, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. सात दिवसांनी अंदाज हवा असेल तर त्यासाठी वेगळे तीन. तपासणीचा खर्च एका दिवसाच्या चहा-वड्याहून फारसा जास्त नसतो. माल तुमच्या डोळ्यांदेखत चालू घमेल्यातून घ्यायला लावा. कोपऱ्यात वेगळा कालवलेला नको. मिस्त्री "जरा पाणी मारू का, माल फिरत नाही" म्हणाला तर नाही म्हणा, मग तो तुम्हाला काहीही म्हणो. आणि क्यूब भरून झाल्यावर, तो ओला असतानाच, खिळ्याने त्यावर कोरा. 1, 2, 3 नको. तारीख घाला आणि स्वतःचं पूर्ण नाव घाला, आडनावासकट.